दोन थेंबांची बाटली

आमच्या प्रयोगशाळेत परवा एक नवी बाटली आली. बाटली म्हणायची एवढेच, करंगळीच्या पेराएवढी नळी ती. आत शंभर मायक्रोलिटर द्रव, म्हणजे जेमतेम दोन थेंब. किंमत ऐकून घरचे मला वेड्यात काढतात. वर बारीक अक्षरांत छापलेले असते : 'फक्त संशोधनासाठी, रोगनिदानासाठी नाही.'

हे थेंब म्हणजे अँटिबॉडी, आणि त्यांचे काम कोलॅजेन-४ हुडकण्याचे. आपल्या कातडीच्या आणि मूत्रपिंडातल्या गाळण्यांच्या पेशी एका पातळ पापुद्र्यावर बसलेल्या असतात. घराला जोते, तसा पेशींना हा पापुद्रा. त्याची वीण कोलॅजेन-४ ची. त्याच्या साखळ्या सहा, अल्फा-१ ते अल्फा-६. सख्ख्या भावंडांसारख्या एकमेकींच्या तोंडवळ्याच्या.

यातली अल्फा-५ बिघडली की काय होते? १९२७ मध्ये सेसिल आल्पोर्ट या डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकीगत लिहिली. लघवीतून रक्त, बहिरेपणा, आणि घरातले पुरुष तरुणपणीच जात. बायका मात्र म्हाताऱ्या होत. एक्स गुणसूत्रावरचे कारण १९९० मध्ये सापडले. निरोगी कातडीच्या कापावर अल्फा-५ ची अँटिबॉडी लावली, तर सलग चमकती रेघ दिसते. असा आजार असलेल्या बहुतेक मुलग्यांत ती दिसतच नाही. दोष वाहणाऱ्या आईत अनेकदा तुटक दिसते. मुलाला मूत्रपिंड द्यायला निघालेल्या आईच्या बाबतीत या तुटक रेघेला केवढा अर्थ आहे, हे वाचकांना सांगायला नको.

आता समजा, बाटलीतल्या अँटिबॉडीने अल्फा-५ ऐवजी तिच्या भावंडालाच, अल्फा-१ लाच, धरले तर? रेघ सगळ्यांतच चमकेल!

माझ्या एका विद्यार्थिनीचे आठ महिने अशाच एका बाटलीपायी गेले. रेघा सुंदर यायच्या, आम्ही दोघेही खूश. अल्फा-५ नसलेला नमुना लावला, तेव्हा तिथेही रेघ! तो आधीच लावायला हवा होता. चूक बाटलीची, तशी माझीही. विकणाऱ्यांना पत्र लिहिले, त्यांनी दुसरी बाटली पाठवली. महिने कोण परत पाठवणार?

हे आमचेच रडगाणे नव्हे. बाजारातल्या अनेक अँटिबॉडीज नेमून दिलेले काम करीत नाहीत, म्हणून २०१५ मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये जाहीर तक्रार मांडली होती. माझे म्हणणे साधे आहे. प्रबंध स्वीकारताना विद्यापीठाने विचारावे : बाटली आधी तपासलीत का, आणि कशावर? खर्च वाढेल, असे सहकारी म्हणतात. वाढेलच. पण ज्या फसल्या, त्यांची नोंद छापायची सोय केली, तर दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेचे पैसे तरी वाचतील. आज अशी नोंद वहीतच राहते, कारण फसलेल्या प्रयोगाला आपल्याकडे मार्क नाहीत.

नव्या बाटलीतला पहिला थेंब तिने काल वापरला, अल्फा-५ नसलेल्या नमुन्यावर. काच अंधारीच राहिली. ती एवढी हसली, की शेजारच्या खोलीतले बघायला आले.