गतिरोधक : हवा कीं नको?

राजमाता जिजाबाईंची समाधि असलेल्या पाचाडांतूनच रायगडाची वाट जाते. यात्रेकरूंच्या मोटारींची वर्दळ वाढली, कीं अशा गांवीं गतिरोधकाची गोष्ट निघते आणि एकाच घरांत दोन पक्ष पडतात. सूनबाई म्हणतात, मूल शाळेस निघालें कीं जीव थाऱ्यावर राहत नाहीं. मामंजी म्हणतात, महाडच्या दवाखान्यास पोहोंचेतों धक्क्यांनींच कंबर मोडते. दोघांचेंही म्हणणें यथार्थ आहे.

सुज्ञ वाचकहो, खरा वाद उंचवट्याचा नसून त्याच्या मापाचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसनें तें माप घालून दिलें आहे : उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर. त्यावरून ताशीं २५ किलोमीटर वेगानें वाहन सुखानें जातें. तीच उंची हातभर रुंदींत बसविली, तर वाहन आदळतें व रुग्ण कळवळतो. पांढरे पट्टे आणि आगाऊ सूचनाफलक नसतील, तर रात्रीं दुचाकीस्वार पडतो.

तस्मात् ग्रामसभेंत हात वर करण्यापूर्वीं प्रत्येकानें माप विचारावें. बेफाम वाहनास आवर अवश्य घालावा. परंतु त्याचें प्रायश्चित्त आजाऱ्यानें व गर्भवतीनें कां भोगावें?