‘आपला’ क्लब कोणाचा?

जळगाव किंवा धुळे शहरात सायंकाळी फिरावयास निघालेल्या मनुष्यास हल्ली एक दृश्य हमखास दिसते. चहाच्या टपरीपाशी चार-पाच तरुण उभे असतात. त्यांतील एखाद्याच्या अंगात निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा सदरा असतो. आणि आदल्या रात्री जागून पाहिलेल्या सामन्याविषयीचा वाद अगदी हातघाईवर आलेला असतो. ‘आपण जिंकलो’, ‘आपला बचाव फुटला’, ‘आपल्याला नवा प्रशिक्षक पाहिजे’ अशी वाक्ये कानी पडतात. या संभाषणातील ‘आपण’ तापीकाठचे कोणी नव्हेत. स्पेन देशातील बार्सिलोना नगरीचा फुटबॉल क्लब म्हणजे हे ‘आपण’. या एका शब्दावर आमचा आक्षेप आहे, आणि तो मांडण्यासाठीच हा लेख.

हा आक्षेप कोणता नव्हे, हे प्रथम सांगणे बरे. कित्येक वडीलधारी मंडळी म्हणतात की, पोरे बहकली. कुस्ती आणि हुतूतू टाकून परक्यांच्या चेंडूमागे धावू लागली. या तक्रारीशी आमचे काही देणेघेणे नाही. उत्तम खेळ कोठलाही असो, तो पाहून ज्याचे चित्त हरखत नाही त्याची आम्हांस कीवच येते. शिवाय, स्पेनविषयी आस्था वाटणे ही खानदेशास नवी गोष्टही नव्हे. 1936 च्या डिसेंबरात यावल तालुक्यातील फैजपुरास राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. खेडेगावात भरलेले ते पहिले अधिवेशन. स्पेनमध्ये त्या वेळी यादवी पेटली होती, आणि अध्यक्षपदावरून बोलताना जवाहरलाल नेहरूंनी तेथील लढ्याचा आवर्जून उल्लेख केला होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टात बार्सिलोना क्लबाचा अध्यक्ष जुझेप सुन्योल यास फ्रँकोच्या सैनिकांनी पकडून चौकशीवाचून गोळ्या घातल्या होत्या. ज्या लढ्याचे नाव आमच्या केळीच्या मुलखात उच्चारले गेले, त्याच लढ्यात हा क्लब होरपळत होता. तेव्हा स्पेनशी आपला संबंध काय, असा प्रश्न निदान खानदेशी माणसाने तरी विचारू नये.

आमचा आक्षेप निराळा आहे. आमचे तरुण या क्लबावर प्रेम करतात. पण त्या क्लबाच्या इतिहासाने जे शिकविले, नेमके तेवढेच सोडून बाकी सर्व पाठ करतात. कोणत्या वर्षी कोणता चषक मिळाला, कोणत्या खेळाडूने किती गोल केले, हे त्यांच्या जिभेवर असते. चषकांची ही यादी म्हणजे इतिहास नव्हे. तो दुकानाच्या दर्शनी कपाटातील माल आहे.

खरा इतिहास वर्गणीच्या वहीत आहे. हान्स गॅम्पर नावाच्या एका स्विस तरुणाने 1899 च्या ऑक्टोबरात ‘लोस देपोर्तेस’ या पत्रात चार ओळींचे निवेदन दिले की, फुटबॉल खेळू इच्छिणाऱ्यांनी भेटावे. 29 नोव्हेंबर 1899 रोजी एका व्यायामशाळेत बारा जण जमले. त्यांत काही स्विस, काही इंग्रज आणि काही स्थानिक कॅटलन होते. पैसा कोणा राजाने दिला नाही की शेठजीने दिला नाही. नऊ वर्षांत हा उद्योग बुडीत निघाला. 1908 साली सभासदांची संख्या चाळिशीच्याही आत आली आणि क्लब मोडावा अशी भाषा सुरू झाली. तेव्हा गॅम्पर स्वतः अध्यक्ष झाला आणि जुने सभासद शोधून काढण्यासाठी, नवे जोडण्यासाठी पायपीट करू लागला. क्लब जगला तो एखाद्या चमत्कारी खेळाडूच्या पायाने नव्हे. तो दारोदार फिरणाऱ्या एका अध्यक्षाच्या पायांनी जगला.

पुढे याच सभासदांनी अधिक मोठी किंमत मोजली. 14 जून 1925 रोजी मैदानात स्पेनचे राजगीत वाजू लागताच प्रेक्षकांनी शिट्या वाजवून आपला निषेध प्रकट केला. हुकूमशहा प्रिमो द रिव्हेराच्या सरकारने मैदानास सहा महिन्यांसाठी कुलूप घालण्याची आज्ञा दिली आणि गॅम्परला अध्यक्षपद सोडावे लागले. यादवीच्या काळात, 1937 साली, संघ मेक्सिको आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. त्या मिळकतीने क्लबाची तिजोरी सावरली, पण अनेक खेळाडू मायदेशी परतलेच नाहीत. 1938 च्या मार्चमध्ये क्लबाच्या कचेरीवर बाँब पडला. फ्रँकोच्या विजयानंतर क्लबाचे नावसुद्धा स्पॅनिश वळणाचे करण्यात आले, आणि अध्यक्ष सरकारच्या मर्जीने नेमले जाऊ लागले. इतक्या आघातांनंतरही जे नाव टिकले, ते दर साल वर्गणी भरणाऱ्या माणसांमुळे टिकले. 1957 साली खुले झालेले त्यांचे विशाल मैदान ही त्याच वहीतली पुढची नोंद आहे.

यापुढचा प्रसंग आमच्या तरुणांनी विशेष ध्यानात घ्यावा. 1990 साली स्पेनच्या सरकारने कायदा केला की, धंदेवाईक क्लबांनी भागभांडवली कंपन्यांचे रूप घ्यावे. कर्जात रुतलेल्या क्लबांना शिस्त लावावी, हा त्यामागील हेतू. ज्यांचे हिशेब सुस्थितीत होते अशा चारच क्लबांना यातून सूट मिळाली: रेआल माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओचा अॅथलेटिक आणि पाम्प्लोनाचा ओसासुना. हे चार आजही सभासदांच्या मालकीचे आहेत. तेथील सामान्य सभासद अध्यक्ष निवडून देतो आणि प्रसंगी त्यास खालीही ओढतो. 2020 साली बार्सिलोनाच्या वीस हजारांवर सभासदांनी अध्यक्षाविरुद्ध अविश्वासाच्या अर्जावर सह्या केल्या, आणि मतदानाची पाळी येण्यापूर्वीच अध्यक्ष बार्तोमेऊ याने ऑक्टोबरात राजीनामा दिला. ‘आपला क्लब’ या शब्दांचा अर्थ असा असतो.

आता जळगावच्या चाहत्याने स्वतःस विचारावे की, त्या वीस हजारांत मी होतो काय? त्याने सदरा विकत घेतला आहे, दूरचित्रवाणीचे किंवा मोबाईलचे शुल्क भरले आहे, झोप मोडली आहे. हे सर्व खरे. पण हे गिऱ्हाइकाचे कर्तव्य झाले. हातगाडीवरून डझनभर केळी घेणारा मनुष्य रावेरच्या बागेचा मालक होत नाही, मग ती केळी त्याने कितीही आवडीने खावोत. क्लबाच्या लेखी हा चाहता म्हणजे एक दूरची बाजारपेठ आहे. त्याच्या प्रेमाची किंमत तेथे होते, मताची होत नाही.

कोणी म्हणेल, प्रेमाला सभासदत्वाचा दाखला कशाला हवा? आमचे उत्तर असे की, नुसत्या प्रेमाला तो मुळीच नको. परंतु ‘आपले’ म्हणावयाचे असेल तर हवा. ज्या वस्तूच्या नुकसानीत आपला वाटा नाही, जिच्या सभेत आपणांस बोलता येत नाही, जिचा हिशेब आपण मागू शकत नाही, तिला आपली म्हणणे हे भाषेचे सैल वापरणे आहे. आणि भाषा सैल झाली की कर्तव्यही सैल होते. मध्यरात्री ‘आपण जिंकलो’ म्हणून नाचणाऱ्यास सकाळी आपल्या गावच्या मैदानात मुरूम कोणी टाकला, गोलाच्या खांबांना जाळी का नाही, याची चौकशी करावीशी वाटत नाही. कारण त्याची ‘आपण’ म्हणण्याची हौस रात्रीच भागलेली असते.

याहून खेदाची गोष्ट अशी की, वर्गणीची विद्या खानदेशास कोणी परक्याने शिकवावी अशी आमची स्थिती कधीच नव्हती. धुळ्यात 1893 साली शंकरराव देवांनी सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि रामदासी वाङ्मयाच्या संशोधनास आयुष्य वाहिले. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. ज्या मुलखाने जुन्या कागदांसाठी संस्था उभ्या केल्या, त्याला आपल्या पोरांच्या चेंडूसाठी एक नोंदवही घालता येत नाही, हे आम्हांस पटत नाही.

हे महाराष्ट्रात शक्य नाही असे ज्यास वाटते त्याने एकदा कोल्हापूर पाहून यावे. तेथील पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांचे संघ शाहू स्टेडियमवर एकमेकांशी झुंजतात, तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. कुस्तीच्या तालमीने फुटबॉलला आपल्या कुशीत घेतले. त्या गर्दीत कधी अतिरेक होतो, हाणामारीही होते. त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु तेथे ‘आपण हरलो’ म्हणणारा ज्या गल्लीत राहतो, त्याच गल्लीत हरलेला खेळाडूही राहतो. दुसऱ्या दिवशी दोघांची गाठ पडते. तो ‘आपण’ खरा आहे.

सभासदांच्या हाती कारभार आला की सर्व सुरळीत होते, असा भाबडा दावा मात्र आम्ही करणार नाही. 2021 साली बार्सिलोनाचे कर्ज एक अब्ज युरोंच्या पलीकडे गेल्याचे त्यांच्याच नव्या अध्यक्षाने जाहीर केले. मेस्सी त्याच वर्षी गेला. 2022 साली सभासदांच्या प्रतिनिधींनी सभेत मतदान करून दूरचित्रवाणीच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा विकण्यास संमती दिली, आणि तो पंचवीस वर्षांसाठी विकला गेला. सहकाराच्या या महाराष्ट्रात हे चित्र कोणास अपरिचित वाटेल? वार्षिक सभेस जाणे टाळणारा सभासद आणि त्याच्या गैरहजेरीवर पुष्ट होणारे संचालक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पण यावरून निघणारा निष्कर्ष सभासदत्व व्यर्थ असा नव्हे. सभासदाने चुकीचे मत दिले तर ती चूक त्याची असते आणि ती सुधारण्याचा अधिकारही त्याचाच असतो. गिऱ्हाइकास चूक करण्याचाही अधिकार नाही. त्याला फक्त दुसऱ्या दुकानात जाता येते.

म्हणून निळ्या-तांबड्या सदऱ्यातील आमच्या मित्रांस आमचे सांगणे एवढेच आहे. सदरा टाकू नका. सामने खुशाल पाहा. परंतु ज्या क्लबावर तुमचे इतके प्रेम आहे, त्याने 1899 साली जे केले ते करून दाखवा. बार्सिलोनात बारा जण जमले होते. आपल्याकडे 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यास सातच पुरतात. टपरीपाशी पाच तर रोज उभेच असतात. आणखी दोघे शोधावयाचे आहेत. एक वही आणावी, तीत नावे लिहावीत, झेपेल ती वर्गणी ठरवावी, एका मैदानाची वेळ मागून घ्यावी आणि वर्षाच्या अखेरीस पै-पैचा हिशेब सर्वांपुढे वाचून दाखवावा. पहिल्या सामन्यात तुमचा संघ बहुधा हरेल. त्या सायंकाळी टपरीवर येऊन ‘आपण हरलो’ असे म्हणा. त्या ‘आपण’वर आमचा काडीचाही आक्षेप राहणार नाही.