भूल आणि हिरडीखालचा आजार
कुत्र्यामांजरांच्या दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर लाळेतील क्षारांमुळे कठीण होऊन त्याचे कीटण बनते, आणि ओठ उचलून पाहिल्यास सुळ्याच्या मुळाशी दिसणारा तपकिरी पट्टा हा त्याचा केवळ दर्शनी भाग असतो. खरा आजार हिरडीखाली, दाताला धरून ठेवणाऱ्या ऊतींत व हाडात पसरत जातो. तेथवर सफाईसाठी हत्यार नेणे जागे जनावर सहन करीत नाही, म्हणून संपूर्ण भूल आवश्यक ठरते. शिवाय श्वासनलिकेत बसवलेली, टोकाशी हवेने फुगवलेली नळी पाणी व कीटणाचे कण फुप्फुसात उतरू देत नाही. भूल न देता वरवर खरवडून दात पांढरे करणे ही, स्पष्टच सांगायचे तर, पालकाची दिशाभूल आहे. भुलीत जोखीम असतेच आणि म्हाताऱ्या जनावराच्या पालकाला वाटणारी धास्ती रास्त आहे, परंतु वय हा स्वतः आजार नव्हे. हृदयाची तपासणी आणि यकृत-मूत्रपिंडांचे कार्य दाखवणारी रक्ततपासणी आधी झाली, तर औषधाची निवड व मात्रा त्यानुसार ठरवता येते. भूल चालू असताना प्राणवायूची पातळी, रक्तदाब आणि शरीराचे तापमान यांवर अखंड लक्ष कोण ठेवणार, हे पालकांनी पशुवैद्याला आधीच, संकोच न बाळगता विचारावे.