भाषा ‘क्लिक’ झाली!

आमच्या प्रोजेक्टवर पुण्यात आम्ही चौघं, केपटाऊनला एक टेस्टर आणि विल्नियसला एक डेव्हलपर. तो मूळचा मिन्स्कचा. सोमवारच्या कॉलवर क्लायंट नेहमीप्रमाणे उशिरा येणार होता, म्हणून टाइमपास सुरू झाला : ज्याने त्याने आपल्या भाषेतला इतरांना न जमणारा आवाज काढायचा. मी ‘ळ’ टाकला आणि निवांत बसले. म्हटलं, आता कोण जिंकतंय!

केपटाऊनच्या बाईंनी नुसतं स्वतःच्या भाषेचं नाव घेतलं आणि गेम ओव्हर. आपण ‘खोसा’ लिहितो खरं, पण त्यातला ‘ख’ हा ‘ख’ नाहीच. टांगेवाला घोड्याला हाकताना गालाच्या बाजूने जीभ सोडवून जो आवाज काढतो ना, तो आहे. खोसात असे तीन क्लिक. दुसरा म्हणजे कुणाची कीव आली की आपण करतो ते च्च् च्च्. आणि तिसरा, बाटलीचं बूच उडाल्यासारखा, टाळूवरून फट्दिशी सुटणारा. म्हणजे आवाज आपल्याकडेही आहेत, फक्त आपण ते घोड्यांवर आणि सहानुभूतीवर खर्च करतो. त्यांनी त्यातून शब्द घडवले. ‘ब्लॅक पँथर’ (२०१८) पाहिला असेल तर वाकांडाच्या राजघराण्याची भाषा आठवा. ती खोसाच.

हे क्लिक मूळचे खोसाचे नव्हेत, शेजारच्या खोइसान भाषांमधून आलेत. कसे आले, याचा अभ्यासकांनी बांधलेला एक अंदाज मला भलताच आवडला. खोसा घरांत सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नुसतं नावच नाही, त्या नावातलं अक्षर दुसऱ्या शब्दात आलं तरी तो शब्द टाळायचा. याला म्हणतात ‘ह्लोनिफा’. मग सुना काय करणार? अडलेल्या जागी परके आवाज बसवायच्या, शब्द बदलून घ्यायच्या. नवऱ्याचं नाव उखाण्यात गुंडाळणाऱ्या आपल्या आज्यांना हे चटकन कळलं असतं. स्वयंपाकघरातल्या अडचणीतून अख्ख्या भाषेचा आवाज बदलला असेल, तर त्या सुनांना सलाम!

मिन्स्कवाला शांतपणे ऐकत होता. त्याची पाळी आल्यावर तो म्हणाला, आमच्याकडे असं काही नाही, एक छोटा ‘उ’ आहे. बेलारूसी लिपीत y सारखं दिसणारं अक्षर, डोक्यावर छोटीशी वाटी. उच्चार आपल्या ‘देव’मधल्या शेवटच्या ‘व’सारखा. २००३ मध्ये पोलोत्स्क शहरात या अक्षराचा चक्क पुतळा उभारला. बाकी भाषा म्हणजे आपली लांबची चुलतबहीणच. अग्नीला रशियनमध्ये ‘ओ’ने सुरू होणारा शब्द आहे. बेलारूसी लोक तोच शब्द ‘आ’ने लिहितात, कारण बोलतात तसं लिहायचं हा त्यांचा खाक्या. महिन्यांची नावंही गोड : नोव्हेंबर म्हणजे ‘लिस्तापाद’, पानगळ. डिसेंबर म्हणजे ‘स्नेझान’, बर्फाचा.

मला वाटलं होतं, ज्या भाषेला स्वतःचा देश आहे, पुतळेबितळे आहेत, ती मजेत असणार. आणि जिच्या बोलणाऱ्यांना वर्णभेदी राजवटीने चिरडलं, ती बिचारी असणार. प्रत्यक्षात झालंय उलटं.

दक्षिण आफ्रिकेत २०११ च्या जनगणनेत ८१ लाखांवर लोकांनी खोसा ही आपली पहिली भाषा सांगितली. शाळेने तिचे लाड केले असं अजिबात नाही. मंडेलांना ‘नेल्सन’ हे नाव शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी दिलं. घरी ते रोलिह्लाह्ला होते. भाषा टिकली ती घरात. उलट बेलारूसमध्ये १९९० मध्ये बेलारूसी ही एकमेव राजभाषा झाली, १९९५ च्या सार्वमताने रशियनला तिच्या बरोबरीला आणून बसवलं. २००९ च्या जनगणनेत ५३ टक्के लोकांनी ती मातृभाषा म्हणून लिहिली. घरी बोलणारे? २३ टक्के. म्हणजे आईचं नाव फॉर्मवर आणि आई गावाला!

खेड्यातून शहरात आलेल्यांना आपल्या बोलीची लाज वाटायची, म्हणून ते त्यात रशियन मिसळायचे. त्या खिचडीला ‘त्रास्यांका’ म्हणतात. मूळ अर्थ : चांगल्या गवतात पेंढा मिसळून केलेला गुरांचा चारा. तो हे सांगत होता तेव्हा मी मनात म्हटलं, अरे बापरे, माझा हा कॉलम म्हणजे दुसरं काय आहे? ‘कॉलवर टाइमपास’, म्हणे!

तो स्वतः रशियनमध्ये वाढला. बेलारूसी त्याच्या आजीची. आता चार वर्षांच्या मुलीशी तो ठरवून तीच बोलतो. चुकतो, अडतो, डिक्शनरी बघतो. मी विचारलं, वैताग येत नाही? म्हणाला, येतो ना. दमून घरी आल्यावर रागावतानासुद्धा आधी शब्द शोधावा लागतो, तोवर राग जातो.

तेवढ्यात मुलगीच स्क्रीनसमोर आली. आम्ही हात हलवले. बापाने विचारलं, सांग, आता कोणता महिना? “नोयाब्र,” ती रशियनमध्ये म्हणाली. मग बापाकडे बघून थांबली. “लिस्तापाद.”

केपटाऊनच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे या महिन्याला काय म्हणतात? मी एक मिनिट म्यूटवर गेले, स्वयंपाकघरात जाऊन ‘कालनिर्णय’ बघून आले. कार्तिक होता.