ओली मोळी

जंगलात सागाची तोड झाली की सरळ ओंडके डेपोत जातात. मागे उरतात शेंडे, फांद्या, डहाळ्या आणि पाने. नवी लागवड करण्यापूर्वी हे सारे तेथेच पेटवून देण्याची पूर्वी रीत होती. त्यापेक्षा ते गावाच्या चुलीत जावे, हे कोणालाही पटेल. मलाही पटते. पण ते केव्हा न्यावे आणि किती, याचा विचार फारसा होत नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

ताज्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. म्हणजे 20 किलोची ओली मोळी डोक्यावर आणणारी बाई 10 किलो पाणीच वाहते! पुढे चुलीत या पाण्याची वाफ व्हावी लागते. 25 अंश सेल्सिअसच्या 1 किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे 2,600 किलोज्यूल उष्णता लागते. 10 किलोंना 26,000. उरलेले 10 किलो कोरडे लाकूड सुमारे 1,80,000 किलोज्यूल देते. त्यातला सातवा हिस्सा असा वाया जातो. हे झाले कागदावरचे गणित. प्रत्यक्षात नुकसान अधिक होते, कारण ओल्या लाकडाची ज्योत थंड राहते, निघालेले वायू पुरते जळत नाहीत, आणि धूर होऊन स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत व फुप्फुसांत जातात. (घरी गॅस असेल तर आजीला विचारा.)

म्हणून फांद्या तोडीच्या जागीच काही आठवडे वाळू द्याव्यात. तेवढ्यात पानेही तेथेच गळतात. झाडाने मातीतून घेतलेले नायट्रोजन, फॉस्फरस वजनाच्या मानाने पानांत व कोवळ्या डहाळ्यांत अधिक असतात, जाड लाकडात थोडे. ते मातीकडेच राहावेत. फिनलंडमध्ये स्प्रूसच्या फांद्यांचे ढीग उन्हाळ्यात असेच ठेवतात, आणि सुया गळल्यावर मग वीज व उष्णता पुरविणाऱ्या केंद्रांत जाळतात.

आपल्याकडे वाळलेले ढीग उन्हाळ्यात वणव्याला खाद्य होतील, हा आक्षेप खरा आहे. म्हणून हिवाळी तोडीतील जाड फांद्या होळीच्या आत उचलाव्यात. 2006 च्या वनहक्क कायद्यात झुडपी काटक्या व खुंट हे गौण वनोपज म्हणून धरले आहेत. हक्क मान्य झालेल्या गावांच्या ग्रामसभांनी ही तारीख स्वतःच ठरवावी.

शिक्षकांना एक विनंती. शाळेत एक ओली फांदी तोलून सावलीत टांगा, आणि दर शनिवारी मुलांकडून तिचे वजन फळ्यावर लिहून घ्या.