रणांगणात आपण, बैठकीच्या खोलीत कोण?

दरवर्षी १ जानेवारीला आमच्या खराडीच्या रस्त्याचा चेहरा बदलतो. खराडी बायपासला पोलीस नगरकडे जाणारी वाहने वळवतात, पीएमपीच्या बसगाड्या पेरणे फाट्याकडे सोडल्या जातात आणि निळे झेंडे घेतलेली माणसे चंदननगरपासून दिसू लागतात. आम्ही काही कार्यकर्ते त्या गर्दीला पाणी द्यायला उभे असतो. यंदा तिथे महार रेजिमेंटमधले एक निवृत्त हवालदार काका भेटले. एका पोराने विचारले, "काका, तुम्ही कुठली लढाई लढलात?" काका म्हणाले, "श्रीलंका." पोराने पुन्हा विचारले, "ती कुणाविरुद्ध होती?" काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जाताना एक सांगितलं होतं, गेल्यावर झालं दुसरंच. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, बाळा."

आमचा हा लेख काकांच्या त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. विजयस्तंभाला मानवंदना देणाऱ्या आपल्या समाजाने हा प्रश्न विचारायचा नाही, तर कुणी विचारायचा?

आधी इतिहास नीट समजून घेऊ. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. त्यानंतर काही तासांतच भारतीय सैन्य जाफन्यात उतरू लागले. त्याला नाव दिले 'शांती सेना'. काम सांगितले गेले ते तमिळ बंडखोरांची शस्त्रे जमा करून घेण्याचे आणि युद्धबंदीवर देखरेख ठेवण्याचे. ज्या तमिळ जनतेच्या रक्षणासाठी सैन्य गेले, तिच्याच भागात १० ऑक्टोबरला 'ऑपरेशन पवन' सुरू झाले आणि शांती सेना लिट्टेशी लढू लागली. अडीच महिन्यांत हेतू उलटा झाला. त्या नव्या हेतूसाठी देशाची संमती कुणी घेतली? संसदेत मतदान झाले होते का? नाही. करार आधी झाला, सैन्य आधी गेले, संसदेला नंतर सांगितले गेले.

त्यानंतर सुरू झाला आकड्यांचा खेळ. सुरुवातीला एक डिव्हिजन गेली होती. ती पुरेना म्हणून दुसरी, मग तिसरी, मग चौथी. सत्तर हजारांहून अधिक जवान त्या बेटावर पोहोचले. मोहीम किती काळात आटपेल याचे अंदाज दिल्लीत दिवसांच्या आणि आठवड्यांच्या भाषेत मांडले जात होते. प्रत्यक्षात शेवटची तुकडी परत आली २४ मार्च १९९० रोजी, म्हणजे तब्बल बत्तीस महिन्यांनी. अकराशेहून अधिक जवान मेले. हजारो जखमी झाले.

वाढीव सैन्य पाठवण्याचा निर्णय कसा होतो, हे इथे स्वच्छ दिसते. पहिली तुकडी पाठवताना निदान एक कारण असते. दुसरी तुकडी पाठवताना कारण असते पहिली तुकडी. 'एवढे जवान गेलेत, आता माघार घेतली तर त्यांचे बलिदान वाया जाईल' असे बंद खोलीत म्हटले जाते आणि आणखी जवान पाठवले जातात. मेलेल्यांच्या नावावर जिवंतांना पुढे ढकलण्याचा हा हिशोब आहे. गावचा सावकार जुन्या कर्जाच्या व्याजासाठी नवे कर्ज द्यायचा, तसलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे गहाण पडतो तो माणूस.

आता कोण गहाण पडला, ते पाहा. ११ आणि १२ ऑक्टोबर १९८७ च्या मधल्या रात्री जाफना विद्यापीठाच्या आवारात हेलिकॉप्टरमधून सैनिक उतरवले गेले. लिट्टेच्या नेतृत्वाला तिथेच पकडायचे, असा बेत होता. १३ शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान उतरले आणि घेरले गेले. त्यातले २९ मारले गेले, एक पकडला गेला. शीख लाइट इन्फंट्री म्हणजे कोण? मजहबी आणि रामदासी शिखांची पलटण. म्हणजे पंजाबातले आपलेच भाऊबंद. लिट्टे सैन्याच्या बिनतारी संदेशांवर कान ठेवून होती आणि तिला या बेताचा सुगावा लागला होता, असे त्या मोहिमेच्या अनेक वर्णनांत येते. म्हणजे जी गोष्ट देशाच्या सुरक्षेसाठी गुप्त होती, ती शत्रूला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती पंजाबातल्या त्या खेड्यांना, जिथे नंतर तारा पोहोचल्या.

दीड महिन्यानंतर, २५ नोव्हेंबर १९८७ रोजी, ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन मारले गेले. छातीत गोळी लागल्यावरही ते लढत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. महार रेजिमेंटला मिळालेले हे एकमेव परमवीर चक्र. आपल्या अनेक व्याख्यानांत त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते आणि घेतलेच पाहिजे. पण ते मुंबईत जन्मलेले तमिळ होते आणि ते पडले तमिळ बंडखोरांशी लढताना, हे किती वक्ते सांगतात? महार रेजिमेंट आज एका जातीची राहिलेली नाही, तिथे सगळ्या समाजांचे जवान आहेत. म्हणून 'आमच्या जातीचे किती मेले' एवढाच हिशोब मांडून आम्हाला थांबायचे नाही. आमचा प्रश्न असा आहे की त्या बटालियनला तिथे कशासाठी पाठवले, याचे उत्तर देशाला कुणी दिले?

मरणारे फक्त आपलेच नव्हते. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी जाफन्याच्या रुग्णालयात भारतीय सैन्याच्या गोळीबारात साठहून अधिक माणसे मेली. त्यांत डॉक्टर होते, परिचारिका होत्या, खाटेवरचे रुग्ण होते. आतून गोळीबार झाला, ती चकमक होती, असे सैन्याकडून सांगितले गेले. वाचलेल्यांनी वेगळे सांगितले. बुद्धाचे नाव घेणाऱ्यांनी या मृतांकडे पाठ फिरवायची नसते. चुकीच्या युद्धात पाठवलेला जवान स्वतः मरतो, तसाच तो मारतोही. दोन्हींची जबाबदारी पाठवणाऱ्यावर येते.

१९८९ च्या जूनमध्ये श्रीलंकेचे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी उघडपणे सांगितले की, तुमचे सैन्य परत न्या. ज्यांनी बोलावले तेच 'जा' म्हणाले, तरी सैन्य आणखी नऊ महिने तिथे राहिले. शेवटी व्ही. पी. सिंग यांच्या सरकारच्या काळात ते परत आले. मद्रास बंदरावर उतरणाऱ्या जवानांच्या स्वागताला तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. पाठवणाऱ्यांना कुणी जाब विचारला नाही आणि परत आलेल्यांकडे मात्र पाठ फिरवली गेली.

कारगिलनंतर निदान एक समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, संसदेपुढे आला. श्रीलंकेच्या बत्तीस महिन्यांबद्दल असा जाहीर अहवाल देशापुढे आला नाही. आपल्याकडे आहेत ती अधिकाऱ्यांची पुस्तके. राजदूत जे. एन. दीक्षित यांनी आपली बाजू मांडली, ५४ डिव्हिजनचे प्रमुख हरकिरत सिंग यांनी आपली. दोघांचे एकमेकांशी पटत नाही. साहेबांना आठवणी लिहिता येतात. हवालदाराच्या आठवणी पेरणे फाट्याच्या रस्त्यावर पाणी पिताना दोन वाक्यांत संपतात.

इथे आपल्यातलेच काही जण म्हणतील, "सैन्याबद्दल प्रश्न विचारणे म्हणजे शौर्याचा अपमान." त्यांना आम्ही आपलाच इतिहास दाखवतो. १८१८ ला कोरेगावला महार सैनिक लढले. १८९० च्या दशकात त्याच महारांची भरती इंग्रजांनी बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडून टाकली. युद्ध वाढले की आपण शूर, युद्ध संपले की आपण अस्पृश्य! हा धडा सुभेदार रामजींच्या मुलाने बरोबर ओळखला होता.

म्हणून बाबासाहेबांनी १९४१ मध्ये काय केले, ते नीट पाहा. महार बटालियनसाठी त्यांनी आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच वर्षी ते व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर होते आणि १९४२ मध्ये कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. बराकीत जागा हवी आणि निर्णयाच्या टेबलावरही जागा हवी, अशी त्यांची दुहेरी मागणी होती. आपण त्यातली पहिली अर्धी मागणी मिरवणुकीत नेली आणि दुसरी अर्धी विसरलो.

१९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना त्यांनी परराष्ट्र धोरणावरच बोट ठेवले होते. सुमारे ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, आणि हे आपल्या परराष्ट्र धोरणाचे फळ आहे, असा त्यांचा आक्षेप होता. तेव्हा त्यांच्या शौर्यप्रेमावर कुणी शंका घेतली का?

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. युद्धाचे निर्णय चव्हाट्यावर घेता येत नाहीत, असे सांगितले जाते. आज रात्री कोणती कंपनी कुठे जाणार, हे गुप्त असावे, मान्य. पण आपण का लढतो आहोत, कुठे थांबणार आहोत, किती माणसे पाठवणार आहोत, हे लोकशाहीत गुपित कसे असू शकते? अमेरिकेसारख्या युद्धखोर देशातही १९७३ पासून कायदा आहे की, राष्ट्राध्यक्षाने सैन्य लढाईत पाठवले तर ४८ तासांत संसदेला कळवायचे आणि मंजुरीविना साठ दिवसांच्या पुढे न्यायचे नाही. तिथले राष्ट्राध्यक्ष त्यातून पळवाटा काढतात हे खरे, पण जाब विचारायला हातात कागद तरी आहे. आपल्या संविधानात कलम ५१ आंतरराष्ट्रीय शांततेचे तत्त्व सांगते आणि कलम ७५ मंत्रिमंडळाला लोकसभेला जबाबदार धरते. परदेशात सैन्य पाठवण्याआधी लोकसभेची मंजुरी घ्या, असे सांगणारा कायदा मात्र आपल्याकडे नाही.

चर्चा केल्याने देश दुबळा होतो का? २००३ आठवा. अमेरिकेला इराकमध्ये भारताची एक डिव्हिजन, म्हणजे सतरा हजारांच्या आसपास जवान हवे होते. सरकार वाजपेयींचे होते. एप्रिलमध्ये संसदेने त्या युद्धाचा निषेध करणारा ठराव केला होता. आठवडेच्या आठवडे वाद झाला, विरोधकांशी बोलणी झाली, वर्तमानपत्रांतून भांडणे झाली. शेवटी १४ जुलै २००३ रोजी सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने नकार दिला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय सैन्य जाणार नाही, असे ठरले. पुढे इराकचे काय झाले, ते जगाने पाहिले. त्या उघड भांडणाने किती आयांची पोरे वाचली असतील, याचा विचार करा. सरकार कोणत्या पक्षाचे होते, हा मुद्दाच नाही. बंद दाराआड ठरले तेव्हा आपण अडकलो, दार थोडे उघडे राहिले तेव्हा वाचलो.

आणि आज? २०२२ पासून अग्निपथ योजनेत पोरगा चार वर्षांसाठी भरती होतो. चौघांतल्या तिघांना पेन्शनविना घरी यावे लागते. खराडीच्या चकाचक आयटी पार्कांच्या मागच्या वस्त्यांतून पहाटे धावायला जाणारी पोरे आम्ही रोज पाहतो. त्यांना भरतीपासून परावृत्त करायचा आमचा हेतू नाही. पण त्यांच्या पायात बळ आहे तसे त्यांच्या तोंडी प्रश्नही हवेत.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. परदेशात लढाईसाठी सैन्य पाठवायचे तर लोकसभेची मंजुरी हवी. हेतू बदलला किंवा सैन्य वाढवायचे झाले, तर मंजुरी नव्याने हवी. मोहीम संपल्यावर ठरलेल्या मुदतीत जाहीर अहवाल हवा, आणि सुरुवात श्रीलंकेपासून करा. राखीव जागांवरून निवडून गेलेल्या आपल्या खासदारांना हे पत्राने, निवेदनाने विचारा. आपल्या अभ्यासवर्गांत संरक्षण आणि परराष्ट्र धोरण हा विषय घ्या. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीपासून सावध केले होते. युद्धाच्या काळात ही भक्ती सगळ्यात जास्त माजते.

पुढच्या १ जानेवारीला आपण पुन्हा त्याच रस्त्यावर असू. स्तंभावरच्या नावांपुढे मान झुकवू. पण काकांना प्रश्न विचारणाऱ्या त्या पोराला उत्तर देण्याची तयारी करूनच तिथे जाऊ.

जय भीम! जय संविधान!