कायदा आणि आपण : वही जाळू नका

एमआयडीसीत छोटासा कारखाना चालवणारे आपल्या समाजातील एक वयोवृद्ध गृहस्थ मध्यंतरी माझ्याकडे आले. आपल्याविरुद्ध अवैध सावकारीची तक्रार सहायक निबंधकांच्या कार्यालयात दाखल झाल्याचे त्यांच्या कानावर आले होते. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, उसनवारीची एक वही आहे घरात. जाळून टाकू का?"

मी म्हटले, "काका, ती वही आधी माझ्याकडे आणा."

सावकारीची कागदपत्रे जाळण्याचा इतिहास आपल्या तालुक्याला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यात, शेतकऱ्यांनी मारवाडी व गुजराती सावकारांची घरे-दुकाने लुटली. कर्जखते आणि हिशेबाच्या वह्या मिळवून त्या जाळणे हा त्यांचा मुख्य हेतू होता. माणसांना इजा फारशी झाली नाही. पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्यातून चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. खतावर काय लिहिले आहे एवढ्यावरच न थांबता मूळ व्यवहार काय होता, हे तपासण्याचा अधिकार त्या कायद्याने न्यायालयाला दिला. पुढे १९४६ चा मुंबई सावकारी कायदा आणि आता २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा याच वाटेने चालत आले आहेत.

आजचा कायदा आपल्यापैकी अनेकांना वाटतो त्यापेक्षा कडक आहे. परवान्याविना सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवानाधारकासाठीही शासनाने २०१४ मध्ये व्याजाचे दर ठरवून दिले : शेतकऱ्यास तारणी कर्जावर वार्षिक ९ टक्के, विनातारणी १२, इतरांस अनुक्रमे १५ आणि १८ टक्के. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के, हे गणित पेढीवर बसणाऱ्यास शिकवायला नको. कर्जाच्या बदल्यात सावकाराने जमिनीचे खरेदीखत करून घेतले असेल, तर तक्रारीच्या मागील १५ वर्षांतील असे खत जिल्हा निबंधक चौकशीअंती रद्द करून जमीन परत देववू शकतात. त्या आदेशाविरुद्ध विभागीय निबंधकांकडे एका महिन्यात अपील करता येते. ही मुदत पुष्कळदा नुसत्या घबराटीत निघून जाते.

परंतु तक्रार झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नव्हे. या कायद्यात 'कर्ज' म्हणजे व्याजाने दिलेली रक्कम. कामगाराला मुलीच्या लग्नासाठी दिलेली आणि पगारातून हप्त्याहप्त्याने वळती केलेली बिनव्याजी उचल त्यात बसत नाही. शिवाय शिक्षा आहे ती सावकारीच्या 'व्यवसायाला'. व्यवसाय म्हटला की सातत्य आणि पद्धतशीरपणा हवा. एखाद-दुसऱ्या वेळी केलेली उसनवारी म्हणजे व्यवसाय नव्हे, असे उच्च न्यायालयांनी पूर्वीपासून मानले आहे. हे सातत्य सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची. मात्र त्याला उत्तर देताना आपल्या हाती लागतो तो कागद : बँकेचा उतारा, पगारपत्रक, आणि हो, तीच वही. ती जाळली, फाडली किंवा मागाहून नव्या शाईने लिहिली, तर बचाव तर जातोच, वर पुरावा नष्ट केल्याचा किंवा बनावट पुरावा रचल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येतो. भाबडेपणाने हे करून बसलेले लोक मी पाहिले आहेत. मूळ तक्रारीतून कदाचित सुटले असते.

निबंधकांचे पथक झडतीला आले तर वाद घालू नये. पंचनामा पूर्ण वाचावा, नेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद त्यात आहे का ते पाहावे आणि प्रत मागून घ्यावी. गुन्हा नोंदवला गेला तर शिक्षा सात वर्षांच्या आतली असल्याने पोलिसांनी सहसा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात हेच बजावले आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्यास कारणे लेखी नोंदवल्याखेरीज अटक करता येत नाही. नोटीस टाळून गावाला निघून जाणे हा सर्वांत वाईट सल्ला, आणि तोच सर्वांत आधी मिळतो. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करण्याची आवश्यकता नसते. पोलिसांपुढील कबुली पुरावा म्हणून चालत नाही. अटकेची खरीच भीती असेल तर बारामतीच्या सत्र न्यायालयात कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. फिर्यादीत खंडणी किंवा आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप असेल तर मात्र प्रकरण फार गंभीर होते; तेव्हा एक दिवसही दवडू नये.

काकांनी दुसऱ्या दिवशी वही आणली. नऊ नावे होती. सात नावे कारखान्यातील कामगारांची, व्याजाचा रकाना कोरा, पगारातून कपात तारीखवार लिहिलेली. आठवे नाव मेहुण्याचे. नववे इंदापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याचे. त्यापुढे शेकडा तीन दर, आणि वहीच्या पानात घडी घालून ठेवलेले २० गुंठ्यांचे खरेदीखत.

"आठ नावांसाठी मी उभा राहीन," मी म्हणालो. "या नवव्याचे खरे-खोटे मी करणार नाही."

काका बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, जमीन परत लिहून द्यायची तर मुद्रांक किती लागेल?